सोंगणीचे दिवस

सोयाबीन पिकलं की आधी त्याची पानं गळतात. मग नुसत्या शेंगा उभ्या राहतात, तांबूस, लवदार, कडक वाळलेल्या. आणि वारा सुटला की सगळं वावर खुळखुळायला लागतं. आमच्या उंद्रीकडं वावर म्हणतात, शेत नाही. तो खुळखुळाट कानावर पडला की माणसाला घाई सुटते, कारण पिकलेली शेंग कुणाची वाट पाहत नाही. आज सोंगलं, म्हणजे कापलं नाही तर उद्याच्या उन्हात तडकते आणि दाणे मातीत जातात. म्हणून दसऱ्याच्या आगेमागे आमच्या गावात कुणी कुणाशी धड बोलत नाही. सगळे इळे घेऊन वावरात, आणि गावात फक्त कुत्री आणि म्हातारे.

या वर्षीही मी बांधावर येऊन उभी आहे. पायात जुने बूट, कारण सोंगलेल्या सोयाबीनची खुटं चपलेतून तळव्यात शिरतात. डाव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटत असेल, ही फोटो काढायला आली. वाटू दे. मी नटी आहे. लोकांना काय वाटतं यावर अर्धं आयुष्य जगले, आता तेवढं पुरे झालं.

वाळल्या काडाचा एक वास असतो. धुळीचा, थोडा तेलकट, नाकात हुळहुळणारा. तो वास आला की मला प्रत्येक वेळी तीच एक सोंगणी आठवते, ज्या वर्षी मी काम सोडून गावी आले होते.

काम म्हणजे मालिका. त्या मालिकेत मी यमू होते. मोठ्या घरातली कामवाली. दारातून आत यायचं, ‘काऊन वो बाईसाहेब’ म्हणायचं आणि हशा पिकायचा. वाक्यात विनोद असायलाच हवा असं नव्हतं. ‘मले’ म्हटलं की हसू, ‘तुले’ म्हटलं की हसू. नुसतं ‘हाव’ म्हटलं तरी सेटवरचा लाईटवाला गालात हसायचा.

गंमत अशी की हीच बोली घालवण्यासाठी मी तरुणपणी खूप कष्ट घेतले होते. बुलढाण्याच्या कॉलेजात गॅदरिंगला पहिल्यांदा उभी राहिले, टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांच्या जोरावर पुण्याला गेले. तिथं पहिलं वर्षभर मी फक्त तोंड धूत होते असं म्हणा ना. ‘मी गेली’ नाही, ‘मी गेले’. ‘पानी’ नाही, ‘पाणी’. आरशापुढं उभं राहून ‘बाण, वाण, प्राण’ म्हणत बसायची. जीभ वळली, नीट वळली. मग मुंबईला आले आणि कळलं की शुद्ध बोलणाऱ्या मुली तिथं रांगेनं उभ्या आहेत. ‘तुम्ही विदर्भातल्या ना? मग तसं बोला की! धमाल येईल.’ आधी माझी बोली माझ्याकडून घासून काढली, आणि मी लख्ख झाल्यावर तीच परत मागितली, हसण्यापुरती. त्यानंतर माझ्या वाट्याला ज्या बायका आल्या त्यांना कुणालाच आडनाव नव्हतं. कामवाली, दाई, शेजारीण, गावाकडून आलेली मावशी.

तरी यमूची मला लाज नाही. तिला मी मन लावून केलं. तिच्या चालीत एक ठसका होता, तो कुणी लिहिलेला नव्हता, मी घातला होता. पण एका दुपारी माझ्या हातात जो कागद आला त्यावर यमूला एक वाक्य होतं: ‘आमच्या गावात मायच अडानी, तं लेक कुठून शहानी निंघन?’

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. दिग्दर्शक तरुण होता, स्वभावानं चांगला. मी त्याला म्हटलं, “हे मी म्हणणार नाही.”

“ताई, विनोद आहे हो. तुमच्याकडचे लोकसुद्धा हसतील.”

“हसतीलच. सवय लावलीय आपण त्यांना.”

“मग बदलून काय म्हणता?”

“काहीच नाही. यमू या ठिकाणी गप्प बसली तरी चालेल.”

ते चाललं नाही. वरून फोन आले, समजावणारे आले, मग समजावणारे येईनासे झाले. आणि पुढच्या एका भागात घरची मालकीण चहा ओतता ओतता म्हणाली, “यमू गेली गावी.” संपलं. इतक्या वर्षांची बाई एका वाक्यात दाराबाहेर. मी ते टीव्हीवर पाहिलं, टीव्ही बंद केला आणि बॅग भरली. लेखकानं न कळता खरंच लिहिलं होतं.

खामगावला उतरून एसटीनं उंद्रीला पोचले तेव्हा माय ओट्यावर बसून इळ्याला धार लावत होती. माझी माय उंच, सडसडीत, खांद्यातून ताठ. तिनं बॅगेकडं पाहिलं. नेहमीपेक्षा मोठी बॅग होती. तिनं धार अंगठ्यानं तपासली आणि विचारलं, “जेवली का?”

“हाव.”

“मंग उद्या येजो वावरात. मजूर भेटून नाही राह्यले.”

एवढंच. काय झालं, किती दिवस आलीस, पुढं काय, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकांच्या पातीत, सोंगणाऱ्यांच्या ओळीत, वाकले होते. पहिल्या तासातच कंबर बोलायला लागली. शेंगांची टोकं मनगटावर ओरखडे काढत होती, त्यात घाम शिरून चुरचुरत होतं. शेजारच्या बायका आधी लाजल्या, मग मोकळ्या झाल्या.

“यमू, बोल ना वो ते, बाईसाहेबवालं!”

“सोंगू दे ना तिले. पाय बरं, घाम कसा फुटला.”

माझी एक चुलतकाकू होती, जिभेची तिखट. ती मान वर न करता म्हणाली, “आमी आलो सोंगनीले, अन् हे सोंग कोनं आनलं वं माय?”

सगळी पात इळे टाकून हसली. मीसुद्धा हसले, पोट धरून. इतका नेमका विनोद त्या मालिकेत कुणी कधी लिहिला नव्हता, आणि तो कोणत्याही ‘मले-तुले’च्या कुबडीवर उभा नव्हता. काकू मला बोलली होती, माझ्या बोलीला नाही. ह्या दोन गोष्टींतला फरक समजायला मला मुंबईहून वावरात यावं लागलं.

दुपारी कडुलिंबाखाली भाकर, मिरचीचा ठेचा, कांदा. पाण्याच्या कॅनला ओलं पोतं गुंडाळलेलं. दूरवर कुणाच्या तरी वावरात मळणी यंत्राचा धूर आणि भुसा उडत असायचा. तुरी अजून हिरव्या, त्यांच्या पिवळ्या फुलांवर माशा. मी त्या सावलीत आडवी पडायची आणि डोळे मिटले की मला काहीच दिसायचं नाही. कॅमेरा नाही, उद्याचा कॉलटाइम नाही. एवढं रिकामं मी कधीच झाले नव्हते. त्याची भीती वाटायची आणि बरंही वाटायचं.

माझा धाकटा भाऊ गजानन. घर, वावर, माय, सगळं त्यानंच सांभाळलं. हे मी आधी सांगून ठेवते, कारण पुढं तो वाईट दिसेल आणि तो वाईट नाही. एका सकाळी तो गोठ्यापाशी घुटमळत आला.

“ताई, एक म्हनू का? राग नको मानू.”

“म्हण.”

“प्राचीले पाह्याले पाहुने येऊन राह्यले. खामगावचं घर हाये, मोठं. तू दोन दिवस चिखलीले मावशीकडं जाऊन येतं का?”

प्राची त्याची लेक. बुलढाण्याला कायद्याचं शिकत होती.

“काऊन?”

“तुले मालूम हाये.”

“नाही मालूम. तू सांग.”

त्यानं दावं उगाच सोडलं, पुन्हा बांधलं. “लोकं म्हनतात, नटी हाये. लग्न नाही, लेकरू नाही. पाहुन्यांच्या डोक्यात उगा काहीतरी यायचं.”

मी लग्न केलं नाही ते कुणावर रुसून नाही. एक-दोन माणसं आवडली होती. त्यांच्यासोबतचं आयुष्य डोळ्यांसमोर आणून पाहिलं आणि प्रत्येक वेळी मला त्यात माझी जागा स्वैपाकघराच्या दाराशीच दिसली. ती भूमिका मी कामावर करतच होते. घरी फुकट करायची इच्छा नव्हती. याचं दुःख लोकांनीच जास्त केलं. मी माझ्या खोलीत पाय लांब करून झोपले.

पण त्या सकाळी हे गजाननला सांगता आलं नाही. तेवढ्यात चुलीपासून मायचा आवाज आला. “तिले काऊन लपवू? चोरून आनली का मी तिले?”

मी चिखलीला गेले नाही.

पाहुणे आले. बैठकीत सतरंजी, वर नवी चादर, पोह्यांच्या बशा. मुलगा बरा होता, खाली मान घालून बसलेला. मी प्राचीच्या शेजारी बसले. मुलाच्या आईनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. “अरे देवा! यमू ना तुम्ही?” क्षणभर मला गजाननकडं पाहून हसावंसं वाटलं: बघ, कशाची भीती होती तुला? तेवढ्यात मुलाचा काका पुढं सरकला. “करून दाखवा ना ते! काऊन वो बाईसाहेब! होऊन जाऊ द्या!” कुणीतरी मोबाइल वर धरला. बैठक आधीच हसायला लागली होती.

गजानन माझ्याकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांतली विनवणी मला आजही दिसते. दोन वाक्यं, ताई. नुसती दोन वाक्यं.

“नाही करत,” मी म्हटलं.

“अहो, असं काय करता? घरचेच आहोत.”

“मी प्राचीची आत्या म्हणून बसले आहे. यमू या घरात राहत नाही.”

मोबाइल खाली गेला. मग कुणीतरी पोह्यांचं कौतुक केलं, कुणीतरी पावसाचं विचारलं, आणि पाहुणे उठले.

निरोप फोनवर आला. मुलगी पसंत आहे, लग्न थाटात करू. फक्त लग्नात आत्याबाईंना मानपानाला पुढं करू नका, आमच्यात मोठी माणसं येतात. गजाननानं हे जेवताना सांगितलं, आवाज खाली ठेवून. त्याला ते मान्य होतं हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. मायनं भाकर ताटात ठेवली आणि हात तसाच राहिला. प्राची घड्या घालत होती. हातातली ओढणी तिनं पूर्ण घडी केली, ठेवली, आणि म्हणाली, “पप्पा, त्याइले सांगा, मले ते पसंत नाहीत.”

“पोरी, विचार कर.”

“केला. आज आत्याले मागं बसवून राह्यले, उद्या मलेच बसवतीन.”

गजानन ताटावरून उठला. त्यानंतर त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. समोरून आला तर मान वळवायचा. वावरात माझी पात उत्तरेला असली की तो दक्षिणेला. आता ही निघून जाईल, असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं. बॅग खाटेखाली होतीच. पण मी जायचं कशाला? मी कुणाचं काय बिघडवलं होतं? माझ्याच माणसांत, माझ्याच बोलीत, मी मान खाली घालून एसटीची वाट पाहावी, हे मनाला पटेना. मी राहिले. राहणं हेच त्या दिवसांतलं माझं सगळ्यात मोठं काम होतं.

आणि राहिले म्हणून ऐकू आलं. दुपारच्या सावलीत माय बोलायची. लग्न होऊन आली तेव्हाची गोष्ट, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दिराशी भांडली ती गोष्ट, आणि बाबा गेले ती गोष्ट. बाबाही असेच सोयाबीन उभं असताना गेले. मी तेव्हा शूटिंगसाठी दूर डोंगरात होते. येईपर्यंत तिसरा दिवस उरकला होता. माय बोलत राहायची आणि माझ्या डोक्यात त्या बोलण्याला उभं राहायला जागा तयार व्हायची. एक बाई, एक इळा, एक पेंढी. तासाभराचं एकटीचं नाटक, सगळं वऱ्हाडीत, आणि त्यात एकही वाक्य हसू यावं म्हणून वाकडं केलेलं नाही.

ते पहिल्यांदा शमीमला ऐकवलं. शमीम माझी शाळेतली मैत्रीण, एका बाकावरची. बसस्टॉपजवळ तिचं शिवणाचं दुकान आहे. तिनं मशीन थांबवून सगळं ऐकलं आणि म्हणाली, “मंग गावात कर ना. येठी काऊन डरते?”

“जागा कोण देईल?”

शाळेत विचारलं, ‘सोंगणी होऊ द्या, मग पाहू’ म्हणाले. देवळापुढच्या पटांगणाचं विचारलं तर पारावरची माणसं एकमेकांकडं पाहून म्हणाली, “देवापुढं बाईचा तमाशा कायले?” तमाशा हा शब्द त्यांनी ज्या तोंडानं उच्चारला ते तोंड मी विसरलेली नाही. शमीम भडकली. “माह्या अंगनात कर. माह्या अंगनाले कोनाची परमिशन लागत नाही.”

तिच्या नवऱ्यानं सडा मारला, पोती अंथरली. दुपार टळल्यावर बायका वावरातून थेट आल्या, पायांवर माती, डोक्यावर फडकी तशीच. तिखट काकूही आली. रस्त्यापलीकडं पुरुष उभे, जणू बसची वाट पाहत. एक बस आली, गेली. कुणी चढलं नाही. गजानन त्यांच्यात नव्हता. माय अगदी पुढं, पोत्यावर, गुडघे जवळ घेऊन बसली.

मी जीव ओतून केलं. नवरी होऊन आलेली पोर केली, विहिरीवरचं भांडण केलं. बायका आपापल्या दिरांची नावं घेऊन खिदळल्या. मग बाबा गेल्याचं आलं. मी जमिनीवर बसले आणि हंबरडा फोडला. तो मला येतो. त्यासाठी मुंबईत माझं नाव होतं. अंगणभर पदर डोळ्यांना लागले. काकू स्फुंदत होती. शमीमचे डोळे लाल. मला वाटलं, जिंकले. ज्यांनी मला फक्त हसू आणायला ठेवलं होतं त्यांनी इथं येऊन पाहावं.

घरी आल्यावर मायला विचारलं, “कसं होतं?”

“बरं होतं.” तिनं चूल पेटवली. “पन मले तू लय रडवलं.”

“म्हणजे तुला रडू आलं?”

“मले नाही. त्या बाईले. तुहा बाप गेला तवा मी रडली नाही. सोयाबीन उभं होतं. तिसरा झाला अन् मी इळा घेतला. लोकं बोलले, बाई हाय का दगड. बोलू दे. तुले कोनं सांगलं मी रडली म्हनून?”

“माय, लोकांना ते...”

“लोकाइले रडू येते तं त्याइनं रडावं. माह्या नावानं तू काऊन रडते?”

ती रागावली नव्हती. एखाद्यानं नाव चुकीचं लिहिलं तर दुरुस्त करायला सांगावं तसं सांगत होती. मी मात्र तिथंच, चुलीपुढं, थिजून बसले. मुंबईला आमच्याकडची बाई हसण्यापुरती हवी होती; मी रागानं निघून आले आणि तिला रडायला लावलं. माझ्या मायला दोन्ही नको होतं. तिला तिच्यासारखं राहायचं होतं, लोक दगड म्हणाले तरी.

उरलेली सगळी सोंगणी मी तिच्या मागं मागं राहिले. रडायचं नाही, तर मग काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माय वाकते तेव्हा आधी एक पाय मागं घेते. पेंढी बांधताना ओठ आत ओढते. बाबांच्या बांधापाशी आली की हात थोडा जलद चालतो. हळू नाही, जलद. मी ते पाहिलं, घेतलं, आणि नाटकातला हंबरडा काढून टाकला. त्या जागी काही घातलं नाही.

तेव्हापासून ते नाटक मी करते. चिखलीला केलं, बुलढाण्याला केलं, मेहकरला केलं. देवळापुढच्या पटांगणात अजून केलेलं नाही. मी पुन्हा विचारलेलंही नाही, त्यांनी बोलवायला हवं. मालिका येत नाहीत, तब्येतीनं मात्र मी बरी आहे. प्राची बुलढाण्याच्या कोर्टात उभी राहते आणि घरी आली की माझ्याशीही उलटतपासणी घेतल्यासारखी भांडते. माय आता सोंगत नाही, बांधावर बसून सोंगणाऱ्यांना ओरडते. आणि गजानन खामगावच्या प्रयोगाला आला होता. मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रयोग संपल्यावर मी सामान आवरत होते तर तो मागून आला, पेंढी उचलली आणि म्हणाला, “हे मी टाकतो गाडीत.” इतक्या दिवसांनी एवढंच. मी म्हटलं, “सांभाळून, शेंगा गळतात.” त्यानं ती लेकरासारखी छातीशी धरून नेली.

मागच्या महिन्यात पुण्याला प्रयोग होता. सुरू होण्याआधी संयोजक नम्रपणे म्हणाले, “ताई, भाषा जरा सोपी करता येईल का? आपल्या प्रेक्षकांना मराठी कळेल अशी?”

“मराठीच आहे,” मी म्हटलं. “कान द्यायला सांगा.”

सुरुवातीला ‘मले’ ‘तुले’ला दोन-तीन ठिकाणी हसू आलं. मी थांबले नाही, हसणाऱ्यांसाठी जागा सोडली नाही. हळूहळू ते थांबलं. मग बाबा गेले. सभागृह गप्प झालं. मला त्या शांततेची ओळख आहे. लोक श्वास धरून बसतात, आता बाई कोसळेल म्हणून. मी कोसळले नाही. पदर खोचला, इळा उचलला, एक पाय मागं घेतला आणि वाकले. रंगमंचावर नुसता सपसप आवाज. अंधारातून कुणाचा तरी हुंदका आला.

येऊ दे. मी सोंगत राहिले.